पांढऱ्यातले पांढरे

पुणे–हैदराबाद महामार्गावर हुमनाबाद मागे टाकून जहीराबादच्या दिशेने निघाले, की मन्नाएखेळ्ळी लागते. बिदर जिल्ह्यातले हे गाव रस्त्याच्या आधाराने वाढले. इथल्या एकाच दुकानात कन्नड, मराठी आणि दखनी उर्दू ऐकू येते, तेलुगूही फार लांब नाही. स्तनात गाठ लागलेल्या बाईचे घरचे विचार करू लागतात तेव्हा त्यांच्यापुढे चार दिशा असतात. उत्तरेला जिल्ह्याचे बिदर आहे. पूर्वेला हैदराबाद, तिथे १९५५ पासूनचे मेहदी नवाज जंग यांच्या नावाचे सरकारी कर्करोग रुग्णालय. सगळे त्याला एमएनजे म्हणतात. दक्षिणेला कलबुर्गी, तिथे बंगळूरच्या किदवई संस्थेचे केंद्र. पश्चिमेला सोलापूर, आणि त्याच्याही पुढे बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती रुग्णालय. कोणता रस्ता धरायचा हे बहुधा वैद्यकीय कारणाने ठरत नाही. कुठे पाहुणे आहेत, कुणाचा दीर कुठे नोकरीला आहे, कुठली गाडी सकाळी लवकर मिळते, यावर ते ठरते.

चारही रस्त्यांच्या शेवटी तिला एक डॉक्टर भेटते, जिचे नाव तिला पुढे क्वचितच आठवते. ऑपरेशन करणारे डॉक्टर लक्षात राहतात, किमो देणारे राहतात. अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसून ‘हे कर्करोगासारखे दिसते’ किंवा ‘ही नुसती दुधाची गाठ आहे’ असे पहिल्यांदा सांगणारी रेडिओलॉजिस्ट मात्र ‘फोटो काढणाऱ्या बाई’ म्हणूनच जमा होते. प्रत्यक्षात फोटो काढते ती तंत्रज्ञ. डॉक्टरचे काम तो वाचण्याचे, आणि नंतर बरेच काही करण्याचे.

रेडिओलॉजी ही पेशंटशिवायची डॉक्टरकी आहे, असा एक समज खुद्द वैद्यकीय कॉलेजांतही असतो. मेंदूचा एमआरआय किंवा पोटाचा सीटी वाचणाऱ्याला दिवसभरात एकाही रुग्णाशी बोलावे लागत नाही, हे खरे. स्तनाच्या रेडिओलॉजीत हे चालत नाही. मॅमोग्राफी वाचून झाली की डॉक्टर स्वतः सोनोग्राफीचा प्रोब हातात घेते, गाठीवर बोट ठेवून ‘हीच का?’ असे विचारते, काखेतल्या लसिकाग्रंथी तपासते, आणि गरज पडली तर त्याच टेबलावर सुई घालून तुकडा काढते. बायोप्सीचा निकाल कळवण्याची वेळही अनेकदा तिच्यावरच येते. शल्यचिकित्सकाचा हात, तपासनिसाचा डोळा आणि समजूत घालणाऱ्या वडीलधाऱ्या बाईची जीभ एकाच माणसात असावी, अशी या नोकरीची अपेक्षा आहे.

मन्नाएखेळ्ळीच्या एखाद्या मुलीला इथवर पोचायचे तर बारावीपासून मोजले असता दहाएक वर्षे लागतात. वाटेचा पहिला भाग सर्वांना पाठ आहे. नीटची परीक्षा मराठीतून देता येते, कन्नडमधूनही देता येते; पुढचे एमबीबीएस मात्र इंग्रजीतच, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचे. या पट्ट्यातल्या विद्यार्थ्यांना एक आधार आहे. २०१२ च्या ९८व्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३७१ (जे) तेव्हाच्या हैदराबाद-कर्नाटकाला, म्हणजे २०१९ पासूनच्या कल्याण कर्नाटकाला, विशेष दर्जा देते. त्यानुसार या भागातल्या शिक्षणसंस्थांत सत्तर टक्के आणि राज्यातल्या इतर संस्थांत आठ टक्के जागा इथल्या स्थानिकांसाठी असतात. कलबुर्गीचे महादेवप्पा रामपुरे मेडिकल कॉलेज १९६३ चे, बिदरची सरकारी वैद्यकीय संस्था २००७ ची. एका पिढीपूर्वी डॉक्टर व्हायचे तर हैदराबाद किंवा बंगळूर गाठावे लागे. आता निदान पहिली पायरी जिल्ह्यातच आहे.

दुसरी पायरी अवघड आहे. रेडिओडायग्नोसिसमधली एमडी ही नीट-पीजीच्या वरच्या क्रमांकांवर संपून जाणारी जागा आहे. रात्रीची धावपळ कमी, यंत्रे नवी, कमाई चांगली, अशी कारणे उघडपणे दिली जातात. तीन वर्षांच्या या अभ्यासात डोक्यापासून पायापर्यंत सगळे शरीर असते, म्हणून स्तनाच्या वाट्याला काही आठवडेच येतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमाने याच काळात तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. एमडी झालेली डॉक्टर कायद्याने मॅमोग्राफीचा रिपोर्ट देऊ शकते. तो चांगला देता यावा, यासाठी पुढे वर्ष-दोन वर्षांची फेलोशिप असते.

त्या वर्ष-दोन वर्षांत नेमके काय शिकवतात, हे कळण्यासाठी यंत्राची थोडी ओळख हवी. छातीच्या एक्स-रेला शंभर किलोव्होल्टच्या आसपासचा जोरदार किरण लागतो. मॅमोग्राफीला पंचवीस-तीस किलोव्होल्टचा मवाळ किरण पुरतो, कारण इथे हाड भेदून जायचे नसते. चरबी आणि ग्रंथी यांच्यातला बारीक फरक दाखवायचा असतो. तो दिसावा म्हणून स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबतात. हा दाब साधारण दहा ते वीस किलोंचा असतो आणि बहुतेक बायकांच्या मनात तपासणीची तेवढीच आठवण उरते. प्रत्येक बाजूचे दोन फोटो निघतात, एक वरून आणि एक तिरका. तिरक्या फोटोत छातीचा स्नायू स्तनाग्राच्या पातळीपर्यंत उतरलेला दिसला पाहिजे. तसा दिसला नाही, तर मागचा भाग फोटोत आलाच नाही असे समजायचे. ही काळजी तंत्रज्ञाची असते, आणि चांगली तंत्रज्ञ मिळाली नाही तर फेलोशिप केलेली डॉक्टरही हतबल होते.

फोटोत चरबी काळी दिसते, ग्रंथी पांढऱ्या दिसतात. अडचण अशी, की कर्करोगही पांढराच दिसतो. साठीच्या बाईच्या स्तनात चरबी जास्त असते, त्यामुळे काळ्यावर पांढरी गाठ चटकन नजरेत भरते. पस्तिशीच्या बाईचा फोटो मात्र जवळजवळ सगळाच पांढरा असतो. पांढऱ्यातले पांढरे ओळखायचे, हा या विषयातला सर्वांत जुना आणि अजून न सुटलेला प्रश्न. भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत सुमारे दहा वर्षे आधी येतो. म्हणजे यंत्र जिथे सर्वांत कमी उपयोगी पडते, त्या वयाच्या बायका इथल्या खोलीत अधिक येतात.

या प्रश्नाची सुरुवात बर्लिनमध्ये झाली. १९१३ साली अल्बर्ट सालोमोन या सर्जनने ऑपरेशनमध्ये काढलेल्या सुमारे तीन हजार स्तनांचे एक्स-रे काढून गाठीचा पसारा आणि सूक्ष्म खडूसारखे ठिपके यांचे वर्णन केले. जिवंत बाईवर त्याने तो प्रयोग केला नव्हता. पुढे नाझी राजवटीत ज्यू म्हणून त्याची नोकरी गेली, छळछावणीची कैद झाली, आणि तो हॉलंडमध्ये जाऊन कसाबसा वाचला. त्याची मुलगी शार्लोट सालोमोन ही चित्रकार. तिला १९४३ मध्ये आउशवित्झला ठार मारण्यात आले. वैद्यकाच्या पुस्तकांत बापाचे नाव आणि कलेच्या पुस्तकांत मुलीचे नाव येते, दोन्ही एकत्र क्वचितच येतात.

नंतरची प्रगती तुकड्या-तुकड्यांनी झाली. उरुग्वेच्या राउल लेबोर्न्यने स्तन दाबून फोटो काढायला आणि चुन्याच्या बारीक कणांकडे गांभीर्याने पाहायला शिकवले. अमेरिकेत टेक्सासमध्ये रॉबर्ट ईगनने १९६० च्या सुमारास कारखान्यात वापरली जाणारी बारीक कणांची फिल्म वापरून कुणालाही जमेल अशी पद्धत बसवली. स्ट्रासबुर्गच्या शार्ल ग्रोने साठच्या दशकात मॉलिब्डेनमचा वापर करून केवळ स्तनासाठीचे यंत्र घडवले. न्यूयॉर्कमध्ये १९६३ पासून सुमारे बासष्ट हजार बायकांवर चाचणी झाली. स्वीडनमध्ये लास्लो ताबार यांच्या दोन परगण्यांतल्या चाचणीने १९८५ मध्ये जाहीर केले, की नियमित मॅमोग्राफीला बोलावलेल्या गटात स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास एकतृतीयांशाने घटले. तीन वर्षांनी ब्रिटनने राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि स्तनाची रेडिओलॉजी हा स्वतंत्र पेशा झाला.

ब्रिटनच्या त्या कार्यक्रमातला एक नियम या पेशाबद्दल पुष्कळ सांगून जातो. तिथे तपासणीचे फोटो वाचणाऱ्याने वर्षाला किमान पाच हजार जणींचे फोटो वाचलेच पाहिजेत. अमेरिकेची अट बरीच सैल आहे, दोन वर्षांत ९६०. एवढे कशासाठी? निरोगी बायकांच्या तपासणीत हजारामागे पाच-सहा जणींना कर्करोग निघतो. पाच हजार वाचल्यावर पंचवीस-तीस. उरलेले सगळे फोटो निरोगी असतात, आणि वाचणाऱ्याची खरी शिकवण त्या निरोगी फोटोंतूनच होते. निरोगीपणाची किती रूपे असतात हे डोळ्याला कळल्याशिवाय बिघाड वेगळा दिसत नाही.

नुसत्या संख्येनेही भागत नाही. आपण ‘काही नाही’ म्हटलेल्या बाईला वर्षभराने गाठ निघाली का, आणि आपण ‘संशयास्पद’ म्हटलेली गाठ बायोप्सीत साधी निघाली का, हे परत कळले पाहिजे. मोठ्या रुग्णालयांत दर आठवड्याला रेडिओलॉजिस्ट, सर्जन आणि पॅथॉलॉजिस्ट एका टेबलाशी बसून हा हिशेब जुळवतात. फोटोत भयंकर दिसते आणि बायोप्सी साधी येते, तेव्हा कुणीतरी चुकले असणार: सुई बाजूला गेली, पेशींची काच चुकीची वाचली, किंवा फोटोच वाचता आला नाही. फेलोशिपमधला सर्वांत मोलाचा तास हा. मुंबईत टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी, जिथे डॉ. मीनाक्षी ठाकूर यांनी रेडिओडायग्नोसिस विभागाचे प्रमुखपद सांभाळले, एका वर्षात जेवढ्या तऱ्हेच्या गाठी डोळ्यांखालून जातात, तेवढ्या एखाद्या जिल्ह्याच्या गावी निम्म्या आयुष्यातही दिसणार नाहीत.

डोळ्याच्या या शिकवणीवर एक गमतीदार प्रयोग आहे. २०१५ मध्ये अमेरिकी संशोधकांनी कबुतरांना स्तनाच्या पेशींच्या काचा दाखवून, योग्य उत्तराला दाणा देऊन, साधे आणि कर्करोगाचे वेगळे करायला शिकवले. दोन आठवड्यांत कबुतरे तरबेज झाली. मॅमोग्राफीतले चुन्याचे कणही त्यांनी ओळखले, न पाहिलेल्या फोटोंतही ओळखले. मात्र गाठीची कडा पाहून ती साधी की वाईट हे ठरवायची वेळ आली, तेव्हा पाहिलेले फोटो त्यांनी पाठ केले आणि नव्या फोटोंसमोर अडखळली. रेडिओलॉजीच्या विद्यार्थ्यांनाही पहिल्या वर्षी नेमके इथेच अडते.

दोन वर्षे आधीच्या दुसऱ्या एका प्रयोगाने अनुभवी डॉक्टरांची झोप उडवली होती. चोवीस रेडिओलॉजिस्टना फुप्फुसाच्या सीटीत गाठी शोधायला सांगितले आणि त्यातच गोरिलाचे एक चित्र घुसवले. ते नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठे होते. त्र्याऐंशी टक्के डॉक्टरांना ते दिसले नाही. शोधायला सांगितले तेवढेच डोळा शोधतो. ब्रिटन आणि युरोपात प्रत्येक फोटो दोन जणांनी स्वतंत्रपणे वाचायची पद्धत आहे, आणि मतभेद झाल्यास तिसरा ठरवतो, ती याच कारणाने. भारतात एका फोटोमागे एक वाचक मिळाला तरी पुष्कळ.

वाचलेले सांगण्याचीही एक शिस्त आहे. पूर्वी रिपोर्टमध्ये ‘घनता वाढलेली दिसते, क्लिनिकल संदर्भाने पाहावे’ असली वाक्ये येत. त्यातून सर्जनने काय करायचे, हे त्यालाच ठाऊक. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बाय-रॅड्स ही पद्धत आणली आणि रिपोर्टच्या शेवटी एक आकडा देणे ठरले; आज तो शून्य ते सहा यांपैकी असतो. एक म्हणजे काही नाही. तीन म्हणजे बहुधा साधी, कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांच्या आत, सहा महिन्यांनी पुन्हा पाहा. चार म्हणजे सुई घाला. पाच म्हणजे शक्यता पंचाण्णव टक्क्यांच्या वर. आकडा देणे म्हणजे जबाबदारी घेणे, म्हणून अजूनही अनेक लहान केंद्रांवर रिपोर्टच्या तळाशी आकडा सापडत नाही.

आता पुन्हा बिदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात यायला हरकत नाही, कारण फेलोशिपमध्ये वाचलेली परदेशी पुस्तके इथे अर्धीच उपयोगी पडतात. पाठ्यपुस्तकातली बाई पन्नाशीची, निरोगी, नेमाने तपासणीला आलेली असते. इथली बाई गाठ हाताला लागून काही महिने उलटल्यावर येते आणि बहुतेक वेळा ‘दुखत नव्हती, म्हणून आले नाही’ असे सांगते. तिच्यासाठी मॅमोग्राफीच्या आधी किंवा बरोबरीने सोनोग्राफी लागते.

सोनोग्राफीवर जे दिसते ते नेहमी कर्करोगच असते असेही नाही. बाळ वर्ष-दोन वर्षांचे असलेल्या तरुण आईच्या स्तनात कठीण, वेडीवाकडी गाठ, वर लाल झालेली कातडी, काखेत वाढलेल्या ग्रंथी. पुस्तक म्हणते पाच, बायोप्सी म्हणते ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस, म्हणजे कर्करोगाचे सोंग घेणारी सूज. क्षयही स्तनात येतो आणि तसेच सोंग घेतो. आणि बिदर-कलबुर्गी हे हत्तीरोगाचे जिल्हे आहेत. हत्तीरोगाचे सुतासारखे कृमी लसिकावाहिन्यांत राहतात. कधी ते स्तनातल्या वाहिनीत असतात आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर जिवंत वळवळताना दिसतात. डॉक्टर त्याला ‘फायलेरियल डान्स’ म्हणतात. तो एकदा पाहिला की सुईची गरज उरत नाही. मेलेले कृमी चुनखडी होऊन मॅमोग्राफीत नागमोडी पांढऱ्या रेघांसारखे उमटतात. लंडन-न्यूयॉर्कमध्ये शिकलेल्या डॉक्टरच्या नजरेखालून ते आयुष्यभरात जाण्याची शक्यता कमी. इथे शिकणारीने त्याची खूण आधी लक्षात ठेवायची.

सोनोग्राफीच्या यंत्राला एक कायदेशीर बाजू आहे, ती बाहेरच्यांना ठाऊक नसते. स्त्रीभ्रूणहत्या रोखणारा १९९४ चा कायदा यंत्र कोणत्या अवयवासाठी वापरता हे विचारत नाही. गर्भ दाखवू शकणाऱ्या प्रत्येक यंत्राची नोंदणी लागते, ते कुठे ठेवले आहे हे कळवावे लागते, आणि २०१२ च्या नियमानुसार एका डॉक्टरला एका जिल्ह्यात दोनच केंद्रांवर सोनोग्राफी करता येते. कायदा हवाच होता. या भागातले मुलींचे प्रमाण पाहिले तर त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण परिणाम असा, की छोटे यंत्र गाडीत टाकून आज चिटगुप्प्यात, उद्या मन्नाएखेळ्ळीत, परवा भालकीत स्तनाच्या गाठी तपासणे हे उत्साही डॉक्टरला वाटते तितके सोपे नाही. बाईनेच यंत्राकडे यावे लागते.

आली की त्याच दिवशी सुई घालता आली पाहिजे, यावर या भागात काम करणाऱ्याने हट्ट धरावा. सोनोग्राफीखाली चौदा गेजची सुई, भूल देणारे एक इंजेक्शन, टाळी वाजावी तसा आवाज करणारी बायोप्सी गन, आणि फॉर्मलिनमध्ये बुडवलेले तीन-चार धाग्यांएवढे तुकडे. वीस मिनिटांचे काम. त्या तुकड्यांवरच हार्मोनच्या आणि हर-टूच्या चाचण्या होतात, त्यावरून औषध ठरते. पुढे किमो आधी द्यायची ठरली तर डॉक्टर गाठीत धातूची बारीक क्लिप सोडते, कारण औषधाने गाठ विरघळली तर सर्जनला जागा सापडायला हवी. याउलट गावाकडे अजूनही घडते ते असे: गाठ थेट कापून काढली जाते, तुकडा तपासणीला जातच नाही किंवा कागद हरवतो, आणि सहा महिन्यांनी बाई मोठ्या रुग्णालयात पोचते तेव्हा तिला नेमके काय झाले होते हे कुणालाच सांगता येत नाही.

२०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाचा कर्करोग होतो आणि ९८ हजारांहून अधिक त्याने मरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांना स्तनाची तपासणी कधी झाली का, असे विचारले. ‘हो’ म्हणणाऱ्या एक टक्काही नव्हत्या, ०.९ टक्के. मग प्रत्येक तालुक्याला मॅमोग्राफीचे यंत्र द्यावे, हा विचार पुढाऱ्यांना सुचतो आणि यंत्राच्या फिती कापल्या जातात. या प्रश्नाचे सर्वांत कसदार उत्तर मराठी मुलुखातच शोधले गेले आहे.

मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये झोपडवस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायकांची चाचणी सुरू केली. यंत्र नाही, फिल्म नाही. शाळेपुरते शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन त्यांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासायचे, एवढेच. वीस वर्षांचा निकाल २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. तपासणीच्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्याचे रोगी ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४७ टक्के. मृत्यू १५ टक्क्यांनी कमी, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात उतरला नाही. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मात्र मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. स्वीडनच्या यंत्रांनी जे साधले, त्याच्या आसपास मुंबईच्या बोटांनी पन्नाशीपुढच्या बायकांपुरते तरी गाठले. केंद्र सरकारने २०१६ मध्ये तीस ते पासष्ट वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी हाताने तपासणी हीच पद्धत ठरवली.

बार्शीचे उदाहरण मन्नाएखेळ्ळीच्या आणखी जवळचे. १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली: बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावे. दवाखान्यात बसून रोगी येण्याची वाट पाहिली तर गावाकडचा आकडा कधीच कळणार नाही, म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले, लक्षणे सांगितली, संशयितांना रुग्णालयात आणले. नोंदीतून दिसले, की मुंबईच्या मानाने गावात स्तनाचा कर्करोग बराच कमी आणि गर्भाशयमुखाचा अधिक. आणखी एक गोष्ट कुणी ठरवून केली नव्हती: काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या रोगी बायका आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या. उपचार बदलले नव्हते, फक्त गावात बोलणे सुरू झाले होते.

हे सगळे वाचून ब्रेस्ट रेडिओलॉजिस्टची इथे गरज नाही असे वाटेल, तर ते उलटे आहे. गावातल्या आशा कार्यकर्तीच्या बोटांना गाठ लागली, तर त्या बाईला ताबडतोब पुढचा दरवाजा हवा. तो नसेल तर तपासणीने फक्त भीती वाढते. शेजारच्या तेलंगणात आणि आंध्रात हैदराबादचे सर्जन डॉ. पी. रघु राम यांच्या उषालक्ष्मी फाउंडेशनने २०१२ ते २०१६ या काळात आरोग्य सेविकांना शिकवून हातानेच मोठी तपासणी राबवली. त्यामागेही संशयित गाठ पुढे बघणारे केंद्र उभे होते, हे विसरून चालत नाही. म्हणजे या पट्ट्यातली जागा वर्षाला पाच हजार निरोगी फोटो वाचणाऱ्या डॉक्टरची नाही. दिवसाला वीस गाठी तपासून त्यातल्या चारांत सुई घालणाऱ्या डॉक्टरची आहे. पहिले शिक्षण घ्यायचे आणि दुसरे काम करायचे, असा हा तिढा आहे. पण निरोगी फोटोंनी घडवलेला डोळाच सोळा गाठींना धीर देऊन घरी पाठवू शकतो.

नोकरीचा बाजार अर्थातच दुसरीकडे ओढतो. मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळूर इथल्या कॉर्पोरेट रुग्णालयांत स्वतंत्र स्तन विभाग आहेत. रात्रीच्या तातडीच्या हाका जवळजवळ नसतात, म्हणून संसार सांभाळणाऱ्या डॉक्टर बायकांचा या शाखेकडे ओढा आहे, आणि कपडे काढून तपासून घेणाऱ्या रुग्ण बायकांनाही तेच सोयीचे वाटते. ब्रेस्ट इमेजिंग सोसायटी, इंडियाच्या परिषदा भरतात, कार्यशाळांत सुई धरायला शिकवतात. अमेरिकेत मात्र याच शाखेवर निदान चुकल्याचे दावे फार होतात आणि न संपणाऱ्या फोटोंच्या ढिगाने डॉक्टर थकतात.

त्या ढिगावर आता संगणकाचा उतारा आला आहे. स्वीडनच्या मासाई चाचणीत ऐंशी हजारांहून अधिक बायकांपैकी निम्म्यांचे फोटो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने वाचले. २०२३ च्या पहिल्या निकालात हजारामागे सापडलेले कर्करोग ५.१ वरून ६.१ झाले आणि वाचनाचे काम ४४ टक्क्यांनी घटले. दुसरा वाचक कधीच नसलेल्या देशाला हा मोह पडणे साहजिक आहे. मात्र त्या संगणकापुढे नेमाने येणाऱ्या स्वीडिश बायकांचे स्वच्छ फोटो असतात. वळवळणारा कृमी त्याला कुणी शिकवलेला नाही. त्याआधी उष्णता मोजणाऱ्या कॅमेऱ्यांचीही अशीच लाट आली होती, आणि मॅमोग्राफीऐवजी थर्मोग्राफी वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाला पुन्हा पुन्हा द्यावा लागला.

कोणत्याही संगणकाला किंवा पुस्तकाला विचारता येणार नाही असा एक निर्णय या पट्ट्यातल्या डॉक्टरला जवळपास रोज घ्यावा लागतो. गाठ बाय-रॅड्सच्या तीनमध्ये बसते, नियम म्हणतो सहा महिन्यांनी बोलवा. समोरची बाई ऊसतोडीच्या टोळीबरोबर दिवाळीनंतर निघणार, किंवा हैदराबादला बांधकामावर, मुलाकडे पुण्याला. तिचा फोन नवऱ्याकडे असतो आणि सिम बदलते. उपचाराचे कार्ड कर्नाटकाचे, पुढचा दवाखाना कदाचित महाराष्ट्राचा. अशा वेळी कागदावर तीन लिहूनही अनुभवी डॉक्टर तिला विचारते, ‘मावशी, परत यायला जमेल का?’ उत्तर घुटमळले तर ती सहा महिने थांबत नाही. सुईचा ट्रे मागवते.